आंघोळ झालेला चाकू

पनवेल,
बुधवार

प्रिय समीक्षा,

रविवारी सकाळी मुंबईहून एक माणूस आप्पांचे चाकू न्यायला येणार आहे, म्हणून हे पत्र. शार्दूलनं तो शोधला, त्याच्याशी बोलणं केलं आणि मला फोनवर नुसतं कळवलं. तुला मी दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. तिसऱ्यांदा करणं माझ्या स्वभावात नाही, हे तुला ठाऊक आहे. चाकू कुणाकडे जावेत याबद्दल माझं एक मत आहे आणि ते तुझ्या कानावर घालायचं आहे. तुमच्या घटस्फोटाला दोन वर्षं होऊन गेली. कायद्यानं मी तुझी सासू उरलेली नाही आणि तू मला उत्तर देणं लागत नाहीस. शेवटपर्यंत वाच, एवढंच.

शार्दूलचा राग करू नकोस. त्याला बंगळूरला बसून आईची काळजी वाटते, आणि काळजी वाटली की तो कपाटं रिकामी करायला निघतो. त्याच्या लेखी ते भंगार. तसं पाहिलं तर आलेही भंगारातूनच. कळंबोलीच्या लोखंडबाजारात आप्पा सुपरवायझर असताना अमेरिकेतून भंगाराचे कंटेनर यायचे. बंद पडलेल्या कारखान्यांची कपाटं, हत्यारांच्या पेट्या, मोडके ट्रॅक्टर. एखाद्या पेटीच्या तळाशी ग्रीसमध्ये रुतलेला घडीचा चाकू निघायचा, खिशात मावेल एवढा, हाडाच्या मुठीचा. बाकीच्यांना त्यात फक्त वजन दिसायचं. शेठ म्हणायचे, "ने बाबा, म्हाताऱ्या गोऱ्यांचे चाकू. त्यानं तुझी भाजीसुद्धा चिरायची नाही." आप्पा रुमालात गुंडाळून घरी आणायचे. लग्नानंतर काही वर्षं मला वाटायचं, हा नाद सुटेल. नंतर मी वाट बघणं सोडलं.

मी रसायनशास्त्र शिकवणारी बाई. मला वस्तू जमवण्यापेक्षा वस्तू ओळखण्यात रस, आणि आप्पांनी मला तिथेच पकडलं. पातं बिजागरीला मिळतं तिथे धार नसलेला एक चौकोन असतो, त्यावर कारखान्याचा ठसा. त्यांनी पहिल्यांदा तो मला भिंगाखाली दाखवला तेव्हा मी मुलांच्या वह्या तपासत होते. त्यातल्या एका कंपनीची रीत त्यांना फार आवडायची. सत्तर साली तिनं नावाखाली दहा ठिपके मारले आणि पुढे दर वर्षी एक ठिपका कमी केला. ठिपके मोजायचे की चाकूचं साल कळतं. आप्पा म्हणायचे, "मानसाला पन असा ठिपका पायजे होता. कुनी खोटा वय नसता सांगितला." मी म्हटलं होतं, दर वर्षी एक कमी होणार असेल तर नको. त्यावर ते हसले नाहीत, चाकू पुसत राहिले.

मग तू आलीस. तुझ्या माहेरी नाशिकला वडिलांचं लेथचं वर्कशॉप, तिथे खंडेनवमीला पान्यापासून पक्कडीपर्यंत सगळी हत्यारं घासून लखलखीत करायची पद्धत. तुला वाटलं, सासऱ्यांची हत्यारं काळी पडली आहेत, नव्या सुनेनं मनापासून काहीतरी करावं. आप्पा झेंडू आणायला बाजारात गेले होते. तू डबा उघडलास, हाताला लागला तो चाकू काढलास आणि पॉलिशपेपर घेऊन बसलीस. मी स्वयंपाकघरात होते. मला घासण्याचा आवाज येत होता आणि मी समजले, विळी असेल. आधीच झिजलेली अक्षरं आणि ठिपके पार गेले. आप्पा दारात आले तेव्हा पाटावर आरशासारखा चाकू, त्यावर कुंकवाचं बोट, आणि तू दुसरा चाकू उचललेला. जुन्या चाकूवरचा काळपटपणा हाच त्याचा दाखला असतो, तो घालवला की त्याला कुणी विचारत नाही, हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आता घरात सणासुदीचं काहीतरी होणार. आप्पांनी झेंडूची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे गो. याची आंगोल झाली. बाकीच्यांना पारोशीच ऱ्हाऊ दे." तू दोन दिवस रडलीस, जेवली नाहीस. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो चाकू आणि भिंग तुझ्यासमोर ठेवलं. "ठसा गेला. आता ठशाबिगर वलखून दाखव."

तिथून तुमचं दोघांचं जे सुरू झालं त्यात मला आणि शार्दूलला जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटलं नाही. तू ऑफिसातून यायचीस, चहाचा कप हातात घेऊनच आप्पांच्या टेबलाशी बसायचीस. मुठीच्या हाडावरच्या रेघा कशा कोरल्यात, मुठीत बसवलेल्या धातूच्या छोट्या ढालीचा आकार कसा आहे, नख अडकवायची खाच आखूड की लांब. इंटरनेटवरून फोटो काढून तू त्यांना मोठे करून दाखवायचीस आणि दोघं भांडायचात. घासून गेलेले ठिपके सहा होते, असं आप्पा म्हणायचे. तू म्हणायचीस, मला तर पाचच वाटले. आता कोण सांगणार. शेवटी आप्पांनी निकाल दिला की या चाकूचा जन्म त्या खंडेनवमीचाच धरायचा, तू घरात आलीस त्या वर्षाचा. भामावन्सं गावाहून आल्या की तुम्हाला बघून नाक मुरडायच्या. "दादा, पोराला बायकू आनलीस का चाकवांना?" आप्पा म्हणायचे, "पोराला काय उघडता येत नाय, मंग चाकवांना तरी आनली." शार्दूलही तेव्हा हसला होता. तो मनापासून हसलेला मला नंतर फारसा आठवत नाही.

त्या सगळ्यात माझा वाटा एकच, पण तो मी सोडणार नाही. डब्यातला पिवळ्या, शिंपल्यासारख्या मुठीचा चाकू आठवतो? त्याच्या शेजारचे चाकू गंजायला लागले होते. तुम्ही दोघांनी तेल बदललं, डबा बदलला, खाडीच्या हवेला शिव्या घातल्या. मी तो चाकू घेतला, मूठ अंगठ्यानं गरम होईपर्यंत चोळली आणि तुमच्या नाकाशी धरली. देवघरातल्या कापराचा वास आला. सेल्युलॉइड, जुन्या काळचं प्लास्टिक, कापूर घालूनच करतात. म्हातारं झालं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि बंद डब्यात शेजारच्यांना खाते. त्याला बाहेर वेगळं, उघड्या हवेत ठेवा, म्हटलं. त्याचं स्वतःचं काही वाईट नाही. आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नानंतर पहिल्या वर्षी पाहायचे.

तुझं आणि शार्दूलचं बिनसलं तेव्हा मी तुमच्या दोघांच्याही खोलीत आले नाही. नातेवाइकांना मात्र कोण चुकलं हे ठरवायची घाई होती. भामावन्सं तुझ्याविरुद्ध बोलायला लागल्या तशी आप्पांनी त्यांना गप्प केलं. "दोगा पन चांगली हायत. पन एका डब्यान नाय ऱ्हानार." एवढंच. तू निघालीस त्या दिवशी ते टेबलाशी पाठ करून बसले होते. तुला वाटलं असेल, रागावले. त्यांना तेव्हा मधोमध काही दिसेनासंच झालं होतं. डोळ्याच्या पडद्याचा आजार होता, तुला सांगायचं नाही अशी त्यांनी मला ताकीद दिली होती. तू कुठे उभी आहेस ते त्यांना नीट कळत नव्हतं, आणि चुकीच्या बाजूला बघून निरोप द्यायचा नव्हता.

त्यानंतर ते कानानं ओळखायला लागले. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की डबा मांडीवर घ्यायचे, एकेक चाकू उघडायचे, मिटायचे. टक्क. आतली स्प्रिंगची कमान जशी असेल तसा आवाज. कारखान्याचं नाव सांगून मला म्हणायचे, "वाच." मी भिंगातून वाचायचे, बहुतेकदा बरोबर निघायचं. मागच्या वर्षी यार्डातला एक जुना सहकारी एक चाकू देऊन गेला, त्याचा आवाज मात्र त्यांच्या ओळखीचा नव्हता. ठसा मला लागला नाही. शाळेत शिकलेलं इंग्रजी असल्या पुसट अक्षरांपुढे चालत नाही, तिथे सवय लागते. "ऱ्हाऊ दे," म्हणाले, "समीक्षा वाचील." मी म्हटलं, मग फोन करते तिला. तर म्हणाले, "नको. तिला तिचा डबा सापडू दे आदी." तो चाकू त्यांनी रुमालात गुंडाळून वेगळा ठेवला.

श्रावणात आप्पा गेले, हे तुला माहीत आहे. खाली गाडी उभी होती तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. समोरच्या मेडिकलच्या पायरीवर तू उभी होतीस, आकाशी ओढणी डोक्यावर घेऊन. वर येशील असं वाटलं. गाडी निघाल्यावर तूही निघालीस. मी कुणाला बोलले नाही.

शुक्रवार

मध्ये दोन दिवस गेले. वीजवाले मीटर बदलायला आले होते, मग कामवाली मनिषा आजारी, मग भामावन्संचा फोन. आपल्या गावाकडे चल म्हणतात, तिथे माणसांचा राबता असतो. मी नाही म्हटलं. शार्दूल बंगळूरला बोलावतो, त्यालाही नाही म्हटलं. सकाळी वडाळे तलावाला एक फेरी मारते, पेपर वाचते, दुपार कशीतरी सरते. संध्याकाळी दिवा लावला की कान टक्क होण्याची वाट बघतात. मी या वयात भुताखेतांवर विश्वास ठेवायला लागणार नाही, म्हणून एके दिवशी स्वतःच डबा मांडीवर घेतला. पहिलाच चाकू उघडताना नख तुटलं, दुसरा मिटताना बोट कापलं. आता फक्त आंघोळ झालेलाच उघडते. आप्पा त्यानं पेरू कापायचे, कारण त्याचं आता काही बिघडणार नव्हतं. मी अर्धा पेरू कापून खाते. उरलेला अर्धा सकाळपर्यंत काळा पडतो.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या मुंबईच्या माणसाला मी काल फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. शार्दूललाही सांगितलं की चाकू माझ्या नवऱ्याचे आहेत आणि कुणाला द्यायचे ते मी ठरवेन. तो म्हणाला, "समीक्षाला दे. तिलाच कळतात." म्हणजे घाईचं कारण कालच संपलं. तरी मी आज पुन्हा हे पत्र पुढे घेऊन बसले आहे, यावरून तू काय समजायचं ते समज. सेल्युलॉइडचा चाकू आपण वेगळा ठेवला होता, टाकला नव्हता. पुढच्या आठवड्यात खंडेनवमी आहे. पाट मी मांडेन, झेंडू आणेन. एकटीनं हत्यारं पुजायची म्हटलं तर कशासमोर हात जोडायचे ते मला कळत नाही. उद्या तू ऑफिसात असशील अशा वेळी मी खारघरला येऊन डबा खाली ठेवून जाईन. दारात उभी राहून तुला पेचात टाकणार नाही. खाली सही काय करावी यावर बराच विचार केला. दुसरं काही सुचलं नाही.

तुझीच,
आई

शनिवार, खारघर. तुझ्या इमारतीचे पहारेकरी काशीराम यांच्याकडे सकाळी स्वतः दिलेल्या वस्तू:

पत्र्याचा डबा, कुलूप लावलेला, आत आप्पांचे बाकीचे सगळे चाकू. तेल दिलेले, पॉलिश न केलेले. किल्ली याच पाकिटात.

सेल्युलॉइडच्या मुठीचा चाकू, वेगळा, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. डब्यात ठेवू नये.

भिंग.

रुमालात गुंडाळलेला एक चाकू, न वाचलेला.

न दिलेली वस्तू: आंघोळ झालेला चाकू. तो खंडेनवमीला पाटावर लागतो. पूजा झाल्यावर ज्याचा त्यानं घरी येऊन न्यावा.