पीडा जाते ते गाव

देवळी,
रविवार, २४ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

रुचिकाचा नमस्कार. तुमच्या माहेरी काका-काकूंनाही सांगा. तुमच्याकडे पोळा नीट झाला असेल. आमच्याकडेही झाला. बाबांची तब्येत तुम्ही गेलात तेव्हा होती तशीच आहे. उजवा हात उचलत नाही, शब्द फुटत नाही, पण काठी घेऊन दाराजवळच्या खुर्चीपर्यंत येतात आणि रस्ता बघत बसतात. पोरं बरी आहेत.

आधी एक प्रश्न सांगते. मला त्याचं उत्तर येत नाही. पोळ्याच्या दोन दिवस आधी रोशनीनं विचारलं, “आत्या, मारबत घरातली पीडा घेऊन जाते ना? तं तिले कोणत्या गावाले नेऊन सोडते?”

मी हसले. म्हटलं, गावाबाहेर.

“गावाबाहेर म्हणजे पुलगाव का वर्धा?”

म्हटलं, त्याच्याही पुढे.

“बस जाते का तिथं?”

बैठकीत माझा पदवीचा फोटो लावलाय, घरातली पहिली पदवीधर म्हणून. त्याच्याच खाली बसून सहा वर्षांची पोरगी विचारत होती आणि मी फेविकॉलची बाटली शोधायच्या निमित्तानं उठून गेले.

फोन करायचा सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. लायब्ररीत जाताना मी तुम्हाला फोन करते तेव्हा तुम्ही पहिलं “पोरं बरी आहेत ना?” हेच विचारता. मी “हो” म्हणते. त्या “हो”च्या पुढे मग आपल्या दोघींनाही जाता येत नाही.

तर पोळ्याचं सांगते. या वर्षी मी ठरवलं होतं की पोरांना बाजारातलं काही आणून द्यायचं नाही, सगळं घरी, त्यांच्या हातानं करायचं. गल्लीतली सात-आठ पोरं पडवीत जमवली. माळ्यावरून दादाचा लहानपणीचा लाकडी नंदी काढला. एक चाक गेलेलं होतं, तिथं बाटलीचं झाकण बसवलं. दुकानातल्या कापडाच्या चिंध्या, बेगड, लग्नपत्रिकांवरचे सोनेरी गणपती, सगळं पसरलं. धाकट्या चिंधूनं नंदीची शिंगं निळी केली आणि स्वतःचं नाकही. आई त्याला बघून म्हणाली, “लेकराले दीट लागन,” आणि गालावर काजळाचं बोट ओढलं. म्हणजे निळं नाक आणि काळा गाल. बाबासुद्धा हसले. त्यांचं अर्धंच तोंड हसतं आता, पण हसले.

झुलीसाठी रोशनीला तुमची साडी हवी होती. ती घरात नेसायची हिरवी, विटलेली. तुम्हाला न विचारता मी तिचा पदर कापला. रागावू नका. झूल करून उरलेला तुकडा रोशनीनं मागितला. मी दिला, कशाला हवा ते विचारलं नाही.

मग मारबतीचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, दारातल्या पळसाच्या फांद्या उचलून “इडा पिडा घेऊन जाय गे मारबत” असं ओरडत पोरं गावाबाहेर जातात. तुम्हाला माहीत आहे, मला ते कधी पटलेलं नाही. पण पोरांना नुसतं ‘करू नका’ म्हणून काय होतं? मला वाटलं, जुन्याला नवा अर्थ द्यावा. मी म्हटलं, आपण रद्दीच्या छोट्या बाहुल्या करू, त्याच मारबती. आपल्या घरातून, गल्लीतून काय जायला हवं ते प्रत्येकानं ठरवायचं आणि त्याची मारबत करायची. माझं मलाच फार चांगलं वाटलं होतं ते. एखाद्या शाळेत नोकरी लागली तर तिथंही करीन, असं मनात आलं.

समोरच्या स्वप्निलनं गृहपाठाची मारबत केली. एकीनं डासांची केली. एकानं “आमच्या आबाजीच्या खर्र्याची” म्हणून केली, तेव्हा त्याचे आबाजी पडवीबाहेर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत उभेच होते. “कापून टाकीन कान,” म्हणाले आणि हसत गेले.

रोशनी कोपऱ्यात पाठ करून बसली होती. मी दोनदा विचारलं, तुझी कशाची गं? “सांगत नाई.” नंतर बघितलं तर काड्यांची बाहुली, रद्दीचं पोट, आणि अंगावर तुमच्या साडीचा तुकडा, व्यवस्थित निऱ्या घालून. कपाळाला टिकली. मला वाटलं, मारबत बाईच असते म्हणून साडी नेसवली. मी तिला शाबासकी दिली, वहिनी. सगळ्यांना उचलून दाखवली. म्हटलं, बघा किती सुबक.

वर लिहिलं आहे की पोरं बरी आहेत. ते खोडावं का, असा विचार करते आहे. खोडत नाही, पण खरं पुढे आहे.

काल करीच्या सकाळी आम्ही निघालो. मी आधीच बजावलं होतं, जाळायचं नाही, नाल्यापलीकडे ठेवून यायचं. चिंधू माझ्या कडेवर होता म्हणून मी मागे पडले. मोठी पोरं कुठे ऐकतात? मी पोहोचेपर्यंत त्यांनी सगळ्या मारबती पळसाच्या फांद्यांवर रचून काडी लावली होती. लहानांना दरवर्षी चौकातूनच परत पाठवतात, म्हणून शेवटी जाळतात हे रोशनीनं कधी बघितलंच नव्हतं. तिची किंचाळी मला नाल्याच्या अलीकडे ऐकू आली. स्वप्निलनं तिला मागे ओढलं तोवर तिनं आगीत हात घातला होता.

उजवा तळवा आणि दोन बोटं. लगेच पाणी ओतलं, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले वरवरचं आहे, हात पूर्ण चालेल, डाग बहुधा राहणार नाही. तुम्ही हे वाचताना उठून उभ्या राहिल्या असाल. बसा. ती बरी आहे. या वेळी हा शब्द मी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून लिहिते आहे.

मुठीत तिनं काहीतरी धरून ठेवलं होतं, पट्टी करायलाही सोडेना. कापडाची करपलेली पुरचुंडी. आत तिचा पहिला पडलेला दात.

“तिच्या पोटात ठेवला होता,” म्हणाली. “मम्मीले दाखवाले.”

मी म्हटलं, मम्मीला? मारबतीच्या पोटात?

“मम्मी तिकडंच गेली ना. आजी म्हणे, घरातली पीडा गेली एकदाची. मारबत पीडेच्या गावाले जाते. मी तिले मम्मीचीच साडी घातली. मम्मी वळखीन ना मंग.” आणि मग माझ्याकडे बघून, “तूच तं म्हणली होती बाई, जाळाचं नाई.”

नर्सबाईंनी दुसरीकडे तोंड फिरवलं.

आता जे मी आजवर तुम्हाला सांगितलं नाही ते लिहिते. आषाढातल्या आखाडीसाठी तुम्हाला माहेरी पाठवलं ते आखाडीसाठी नव्हतं. बाबांना झटका आला, मग दुकानाचं छप्पर गळून नवे तागे भिजले, तेव्हा आई कुणाकडे तरी विचारायला गेली होती. त्यानं सांगितलं, घरात बाहेरून आलेली पीडा आहे. बाहेरून आलेल्या तुम्ही एकट्याच. रोशनीची शाळा बुडेल, चिंधूला ताप आहे, म्हणून पोरं ठेवून घेतली. तुम्हाला आणायला कुणी जाणारच नव्हतं. हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. पोरं अल्लीपूरला तुमच्याकडे जाऊ म्हणून रडायला लागली तेव्हा आईनं सांगितलं, मम्मी अल्लीपूरला नाही, लांब गेली. मी आईशी भांडले, पण पोरांसमोर नाही. पोरांना मीही खरं सांगितलं नाही. घर फुटेल असं वाटत होतं.

आईचा मला राग आहे, आणि तरी हेही लिहायला हवं की काल रात्रभर रोशनीचा हात मांडीवर घेऊन तीच बसली होती. चिंधूचं नाव ठेवताना देवानं नेऊ नये म्हणून ज्या मायेनं तिनं चिंधू ठेवलं, त्याच मायेनं तिनं तुम्हाला घालवलं. मला हे समजतं आणि मान्य करता येत नाही.

पत्र आज टाकणार होते. पण टपालानं जाईपर्यंत थांबणं आता मला जमेल असं वाटत नाही.


अल्लीपूर, सोमवार

वहिनी, उरलेलं इथं लिहिते आहे, स्टँडवरच्या बाकावर. अक्षर वेडंवाकडं आहे.

सकाळी दुकानात गेले. दादा तागे लावत होता. म्हटलं, दादा, मी पोरांना वहिनीकडे घेऊन चालले. लपूनछपून नाही, तुला सांगून.

तो बराच वेळ एकच तागा गुंडाळत राहिला. मग म्हणाला, “आईले विचारलं का?”

“तुला विचारते. तू बाप आहेस.”

“हात कसा हाय तिचा?”

“घरी जाऊन बघ.”

तो उठला नाही. मी पायरी उतरले तेव्हा मागून म्हणाला, “सांजच्याले आणजो.” मी म्हटलं, आणणार नाही. त्यानं पुन्हा हाक मारली नाही. याला हो म्हणायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा. तुम्ही त्याला माझ्यापेक्षा जास्त ओळखता.

आई चिंधूला घेऊन दारात उभी होती. “बीए झाली तं वकील झाली का घरची? कोणाचे लेकरं कुठं नेऊन राह्यली?”

“त्यांच्या आईकडे.”

“ते पीडा हाय.”

“पीडा असती तर पोरीनं तिच्यासाठी आगीत हात घातला नसता.”

क्षणभर वाटलं, आई ऐकेल. पण तिनं चिंधूला आणखी आवळून धरलं. तो घाबरून रडायला लागला, तिच्याच गळ्यात तोंड लपवून. मी हात पुढे केला तर तो माझ्याकडे येईना. ओढून घेतला असता तर परवा जे झालं तेच पुन्हा झालं असतं, फक्त आग नसती. मी हात मागे घेतला.

“एकीले नेशील तं तूई परत येऊ नको,” आई म्हणाली. मग बाबांकडे वळून, “अडवा ना तिले. काऊन बसले तसेच?”

बाबांची काठी दारात आडवी पडलेली असते, तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी डाव्या हातानं ती उचलली आणि मांडीवर घेतली.

रोशनीनं नंदी तिथंच ठेवला. चिंधूच्या हातात दोरी दिली आणि म्हणाली, “रडशील तं हे वढ, घुंगरू वाजते.” आम्ही कोपऱ्यावर वळेपर्यंत घुंगरू वाजत होतं.

वर्ध्याला गाडी बदलली. समोर लागलेल्या बसची पाटी तिनं अक्षर-अक्षर लावून वाचली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “आजी तं म्हणे मम्मी अल्लीपूरले नाई.”

“आजी खोटं बोलली.”

“अन् तू?”

“मी सांगितलं नाही. तेही खोटंच.”

खिडकीबाहेर बघत बसली. सोयाबीनची शेतं गेली, एक देऊळ गेलं. मग म्हणाली, “तं मम्मी पीडा नाई?”

“नाही.”

तिच्या इतक्या प्रश्नांमधला हा एक मला येत होता.

आता तिला तुमच्या गल्लीच्या तोंडाशी नेते आणि हे पत्र देऊन आत पाठवते. मी दारापर्यंत येणार नाही. आले तर तुम्ही जेवायला बसवाल, मला उठवणार नाही, आणि दुपारची बस जाईल. मला आज परत जायचं आहे. आई दार उघडणार नाही कदाचित, पण बाबा दाराजवळच असतात. चिंधूजवळ खरं सांगणारं कुणीतरी हवं, तो तुमच्याकडे स्वतःच्या पायानं यायला तयार होईपर्यंत. तुम्ही तिकडे येऊन त्याला मागितलंत तर मी तुमच्या बाजूनं उभी राहीन, चार माणसांत, दादासमोरही.

तुमचं दार उघडलेलं दिसेपर्यंत मी कोपऱ्यावरच आहे.

तुम्ही पत्राआधी तिलाच जवळ घ्याल हे मला माहीत आहे, म्हणून हे वाचाल तेव्हा उशीर झालेला असेल. तरी लिहिते: दात तिच्या डाव्या खिशात आहे, ती स्वतः दाखवेल, आधी विचारू नका. आणि उजव्या हाताला धरू नका, पट्टी आजच बदलली आहे.

तुमची,
रुचिका