कोपची गोष्ट मी अर्धीच सांगितली

ती. बाबा,

...आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही जिंकल्यासारखं हसलात. "तुझ्या त्या जनरल कोपसारखा मीपण लढाई टाळतो. हार्टच्या व्हॉल्व्हचं ऑपरेशन कॅन्सल!" फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून पत्र.

चूक माझीच. स्कॉटलंडहून आल्या आल्या एक्साइट होऊन मीच सांगितलं ना, की १७४५ मध्ये बंडखोर घाट अडवून बसलेत म्हटल्यावर राजाचं सैन्य घेऊन निघालेला कोप न लढताच दुसरीकडे, इन्व्हर्नेसकडे वळला, आणि त्याची माणसं वाचली.

पुढचं सांगायचं राहिलं, बाबा. रस्ता मोकळा मिळाला, तसे बंडखोर थेट एडिनबरात घुसले. महिन्याभरात कोपला लढावंच लागलं, आणि पंधरा मिनिटांत तो हरला.

आई म्हणते, जिन्यात दम लागला की तुम्ही मोबाइल बघायचं नाटक करता. मी इथे इंग्लंडात, रीडिंग गावात बसून काय करू, सांगा ना! बाकी मी मजेत आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

तुमची, जरा घाबरलेली,
ऋजुता

ता.क. लढाई टळणार नाही हे कोपला आधीच कळलं असतं, तर त्याने ती कधी लढायला हवी होती, असं तुम्हाला वाटतं?