बिनविरोध

दौंड, ता. १९ जून १९७८

चि. सौ. सिंधूस, बन्सीदादाचा जयभीम आन् अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल रेल्वेच्या शेडात पेपर वाचला. तुमच्या वाडीची ग्रामपंचायत बिनविरोध, राखीव जागेसकट. नावं छापली न्हाईत, पण तू मागं लिहिलंच होतंस, राखीव जागेला एकट्या तात्याबा दाजींचा फॉर्म हाय. मग काय, तसाच काळ्या हातानं पेढे आणायला गेलो आन् सगळ्या शेडाला वाटले. आणीबाणी गेली, आता लोकांचं राज्य आलं, असं मी म्हणालो तवा तू मलाच येड्यात काढलं होतंस.

दाजींना सांग, मेंबर झालात तरी मेव्हण्याला ओळख द्या. पहिला ठराव वस्तीच्या हातपंपाचा. फॉर्म तूच लिहिला असशील. मी पाटीवर गिरवून घ्यायचो तवा किती रडायचीस, आता कामाला आलं का न्हाई?

उत्तराकडं डोळे लावून बसलेला,
तुझा बन्सी

निमोण्याजवळची वाडी, ता. २६ जून १९७८

ती. दादास, सिंधूचा सविनय जयभीम. वि. वि.

पेढ्यांचं वाचून हसावं का रडावं कळंना. मेंबर म्हाळू झाला, मळेवाल्या आनंदरावांचा सालगडी. शेवटच्या दिवशी त्यांनी त्याचा फॉर्म भरला. त्याला स्वतःला दुपारी कळलं.

दुसऱ्या दिवसापास्नं गिरणीत आमच्या वस्तीचं दळण घेईनात, कुणी कामाला बोलवीना, ओढ्याची वाट काट्या लावून बंद. चौथ्या दिवशी वस्तीतल्याच बाया दारात येऊन बसल्या. भागुबाई म्हणाली, लेकरं उपाशी हायेत, पंप राहू दे.

मग आनंदराव आले. आवाज चढवला न्हाई. म्हणाले, आता लोकशाही हाय, जबरदस्ती कुणावर न्हाई, फक्त गावाची एकी दिसली पाहिजे. माघारीचा अर्ज त्यांनीच सांगितला: गावाच्या एकीसाठी, राजीखुशीनं, कुणाच्याही दबावाशिवाय. राजीखुशीनं दोनदा घालायला लावलं. ह्यांचा नुसता अंगठा. लिहिणारी वस्तीत मी एकटीच.

तवापासून हे माझ्याशी बोलत न्हाईत. मला त्यांचा राग येत न्हाई, माझाच येतो.

कचेरीतल्या साहेबांनी अर्ज वाचला आन् सगळ्यांदेखत म्हणाले, अक्षर मोत्यावानी हाय, बाईंना कुणी शिकवलं? दादा, मी तुझं नाव सांगितलं न्हाई.

रागावलास तरी माया तोडू नकोस.
तुझी सिंधू