टेकडी कुणी पेटवली

प्रिय ओदिलिया,

'प्रिय' लिहिलं ते पत्राची रीत म्हणून. फार मनावर घेऊ नकोस. दोन वर्षांत तुझे तीन निरोप आले, तिन्ही पोचले. उत्तर दिलं नाही, कारण द्यायचं नव्हतं. आई आहे. आता दुसऱ्या डोळ्यानेही दिसत नाही, पण सकाळी भाकरी खाल्ली की भिंत धरत परसातल्या गुहेत उतरते आणि ओलाव्यात पामच्या टोप्या विणत बसते. तिला कुठे दिसायला लागतं विणताना. तुझी चौकशी करते. मी सांगते, तिला आपली आठवण नाही.

कोर्टाचा कागद तुझ्या सासरच्या गावाला मिळाला आणि टेकडी तुमची झाली. आजीच्या आजीपासून आपण तिथल्या पामच्या झावळ्या तोडत आलो, त्याला कुठला कागद असणार? त्या दिवशी आम्ही सहा जणी गेलो होतो. तुमच्या माणसांनी विळे हिसकावले, बांधलेले भारे लाथेने उलटे केले. तू जावांच्या घोळक्यात उभी होतीस. एकजण हसत म्हणाली, "ही तुझी बहीण ना गं? मग पाहुणचार कर की तिचा." आणि तू म्हणालीस, "मी या बाईला ओळखत नाही." तेही स्पॅनिशमध्ये. आपल्या मिश्तेक बोलीत बोलायला जीभ रेटली नसेल. तुला पाठीला बांधून मी त्याच टेकडीवर पाती तोडत होते, ओदिलिया. माझं वय नऊ आणि तू रडकी, सगळा रस्ता माझे केस ओढायचीस. रिकाम्या हाताने घरी आले तर आई म्हणाली, "पाती कुठायत?" मी म्हटलं, आज झावळ्या चांगल्या नव्हत्या.

तीन आठवड्यांनी टेकडी जळाली. टेकडीच्या राखणीचा आठवडा तुझ्या नवऱ्याचा, आबुंदियोचा होता. गावाने ठरवलं की त्याने तिथेच घेवडा शिजवला आणि चूल न विझवताच झोपला. त्याला आठ दिवस कोंडलं, हातातली मानाची काठी काढून घेतली. मला बाजारात कळलं तेव्हा मी हसले. चांगली मोठ्याने हसले. म्हटलं, "जावयाला घोरायची सवय आहेच, विचारा माझ्या बहिणीला." पुढच्या पावसात पाम पुन्हा फुटला, त्याला आगीचं काही वाटत नाही. पण तुमच्या बायका तुला त्यांच्या गुहेत उतरू देत नाहीत, असं तुमच्याकडची झेफेरीना सांगत होती. मला वाटलं, बरं झालं. बस उन्हात.

मग गेल्या शनिवारी तुझी टोपी दिसली. दुकानदाराच्या थप्पीत सगळ्यात खाली होती. तू डावखुरी, तुझी वीण उलट्या बाजूने फिरते. हजार टोप्यांत ओळखेन. काठ तीन ठिकाणी तडकला होता. पात उन्हात वाळली की बोटाखाली मोडते, हे तुला मीच शिकवलं होतं. दुकानदार म्हणाला, "घ्या बाई, स्वस्तात देतो. पाऊस लागेपर्यंत टिकेल." मी विचारलं, असला माल ठेवता कशाला? तो म्हणाला, "राखणदाराची बायको आणून देते. पुढच्या आठवड्यानंतर हा मालही येणार नाही. पुढच्या रविवारी सभा आहे, त्यांना गावाबाहेर काढणार. घर, जमीन सगळं गावाकडे जाणार." आणि वर म्हणाला, "ती माणसं चूक कबूलच करत नाहीत हो. नवरा म्हणतो, मी चूल विझवली होती. एवढंच म्हणतो, दोन वर्षं." टोपी मी परत ठेवली. मीठ घ्यायला गेले होते, ते तसंच राहिलं.

त्याने चूल विझवली होती. मी पाहिलंय. वरच्या खडकामागे बसून मी त्याला निखाऱ्यांवर माती ओढताना पाहिलं, वर पाणी ओतताना पाहिलं. मग तो झऱ्याकडे गेला. भर दुपार होती, वारा तुमच्या बाजूला वाहत होता. वाळक्या झावळ्यांना काडी मी लावली. आणि त्याचा आठवडा आहे हे मला ठाऊक नव्हतं असं समजू नकोस. म्हणूनच तो आठवडा निवडला. हे पत्र रविवारी सभेत वाच, दुसऱ्याच्या हातात देऊ नकोस, नाहीतर गहाळ होईल. मी माफी मागत नाही. तुझ्याकडे तर नाहीच. आबुंदियोला मात्र सांग की मी त्याला माती ओढताना पाहिलं. मला न्यायला माणसं येतील त्यांच्याबरोबर तू ये. आईला एकटीला ठेवता येत नाही, दुपारी तिच्या पातींवर पाणी शिंपडावं लागतं आणि ती स्वतः कधी मागत नाही. सही खोटी आहे असं कुणी म्हणायला नको म्हणून नावाशेजारी अंगठाही उठवते. रविवारी मी घरीच आहे.

तुझीच थोरली,
निसेफोरा क्रूस लोपेस