चपलांच्या रांगेत ग्योरेत्सु

ती. अनुसया आत्यास,

देवळीहून सुरभीचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? (दहापैकी किती दुखतात ते आकड्यात कळवा. ‘हाय तसेच’ हे माप होत नाही.)

जपानच्या कारखान्यात यंत्रतपासणीची नोकरी मिळाली, हे तुम्हाला ठाऊक आहे. कागद शुक्रवारपर्यंत गेले तरच ती टिकणार होती, आणि बाबांचं उत्तर अजून ‘पाहू’ एवढंच आहे. भाषेचे रोज पाच शब्द पाठ करते. गुरुवारी ‘ग्योरेत्सु’ आला, म्हणजे माणसांची लांब रांग. शब्द वापरल्याशिवाय माझ्या लक्षात राहत नाही. आधारवरच्या नावाच्या दुरुस्तीची पावती कागदांसोबत हवीच होती, म्हणून त्याच सकाळी केंद्रावर गेले.

दारासमोर अकरा चपला आणि एक वीट, एकामागे एक. (वीट रूपराव नावाच्या एका गृहस्थांची. ते अनवाणी आले होते.) माणसं सगळी कडुनिंबाखाली. मी तेरावी, विटेपासून बरोबर दीड फूट अंतर राखून उभी राहिले. वीस मिनिटांनी प्रमिलाबाई नावाच्या एक बाई उठून आल्या.

“उनात काऊन उभी हायेस वं? तुही चप्पल कोठी हाय?”

मी स्वतःच उभी आहे, असं सांगितलं.

“मानसाचा काय भरोसा? मानूस चाय प्याले जाते. चप्पल कोठी जाते?”

(तुम्ही असता तर घरी बसून बाबांची चप्पल पाठवली असती.) चप्पल ठेवून सावलीत गेले. तिथे माझं गाव, पगार आणि लग्न यांची चौकशी झाली. मी त्यांना ग्योरेत्सु शिकवला. प्रमिलाबाई म्हणाल्या, “रांगेले एवढा मोठा शबुद? म्हनेपर्यंत नंबर जाते नं!”

मग कळलं, दिवसाला बाराच अर्ज घेतात. माझा नंबर तेरावा. प्रमिलाबाई म्हणाल्या, “रूपरावभाऊ, तुमी उद्या या. पोरगी जपानले चालली.”

रूपराव म्हणाले, “येतो नं. वीट राहीन येथंच.”

म्हणजे रांगेचा शब्द शिकले त्याच दिवशी मी रांगेत पुढे घुसले.

तुमची,
सुरभी

ता. क. : पावती मिळाली, कागद काल गेले. बाबांना सांगितलेलं नाही.

ता. क. २ : तुम्ही त्यांची थोरली बहीण. तुमच्यापुढे ते ‘पाहू’ म्हणत नाहीत. पुढच्या रविवारी या. न्यायला मी तुमच्याकडे गिरडला येते.

ता. क. ३ : ते नाही म्हणाले तर मी जाणार नाही. हे मात्र त्यांना सांगू नका.