आईचा अर्धा चेहरा

२ ऑगस्ट १९९४, मंगळ.
तेराव्याला फोटो हवा आणि घरात आईचा फोटोच नाही. सगळे अल्बम उलटून झाले. अण्णा आहेत, दादा आहे, मी फ्रॉकपासून आहे, एकात तर शेजाऱ्यांचं कुत्रंसुद्धा. आई सापडली ती दादाच्या लग्नातल्या ग्रुप फोटोत, मागच्या रांगेत, वहिनीच्या मामांच्या फेट्याआड. चेहरा अर्धाच. वहिनी म्हणाली, "फोटोच्या वेळी त्या कॉफीचं बघायला आत असायच्या ना." खरं बोलली, म्हणून जास्त राग आला.

३ ऑगस्ट, बुध.
अर्धी रजा. यशवंतपूरच्या ऑफिसातून थेट चिकपेट. अण्णा आणि दादा आधीच स्टुडिओत. मालकांना सगळे मास्तर म्हणतात. भिंगातून बघितलं, म्हणाले, आहे तो अर्धा मोठा करू, उरलेला आमचा चित्रकार काढेल, तुम्ही फक्त सांगा. आणि एकेक विचारायला लागले.

नाकातली चमकी कुठल्या बाजूला? अण्णा : "उजव्या." दादा : "छे, डाव्या." मास्तर माझ्याकडे वळले. मला आठवत होती ती ओट्याकडे तोंड केलेली पाठ. डोळे कसे होते? अण्णा म्हणाले, "बायकांचे असतात तसे."

इतक्या वर्षांचा संसार! शेवटी मास्तरांनाच आमची दया आली. "सरी बिडी, नाव् नोड्कोळ्तीवि." आम्ही बघून घेतो म्हणे.

५ ऑगस्ट, शुक्र.
फोटो बघायला बोलावलं. अण्णांना आयुष्यात एकच कला येते, माल परत करणे. कडू निघालेली काकडी अर्धी खाऊन मार्केटात नेतात आणि बदलून आणतात. एक आईच परत करता आली नाही, तिच्या माहेरचं दुकान बेळगावात पडलं.

काउंटरवर, चार गिऱ्हाइकांसमोर : "ही काळी कशी? आमच्या घरात काळं कोणी नाही."
मी : "अण्णा, आई काळीच होती."
"तू गप्प बस."
मास्तर : "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी सार, थोडं सांभाळून घ्या, उद्या सकाळी उजळ करून देतो."

मला तोच फोटो हवा होता. त्यात ती दमलेली होती, म्हणजे आईच होती. निदान हा मला द्या म्हटलं, तर म्हणाले, याच्यावरच रंग चढवायचा आहे.

६ ऑगस्ट, शनि. तेरावा.
फ्रेम आली. गोरीपान बाई, भरलेले गाल, ओठांवर हसू, अंगावर कुणाची तरी जरीची साडी. चमकी दोन्ही बाजूंना, म्हणजे कुणाचीच तक्रार नको! भटजी म्हणाले, साक्षात लक्ष्मी. आलेली प्रत्येक बाई म्हणाली, हुबेहूब.

बेळगावहून मावशी आली. आईची सख्खी मोठी बहीण. फोटोला हात जोडले आणि मला आत ओढून विचारलं, "ही कोण गं?"
"आई."
"आणि ह्या चमक्या कुठल्या? एकच होती, तीपण दादाच्या इंजिनिअरिंगला मोडली. भोकसुद्धा बुजलं होतं तिचं."

दादा पंगतीत लाडू वाढत होता. मी मुद्दाम चार माणसांत सांगितलं त्याला. "मला कुणी सांगितलंच नाही," म्हणाला आणि पुढच्या पानावर लाडू ठेवला. बरं वाटलं मला. मग रडू आलं.

८ ऑगस्ट, सोम.
मावशीला घेऊन स्टुडिओत. तिला सगळं पाठ. भुवईत खाच, खालचा ओठ जाड, कपाळाला दोन आठ्या. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दमलेली बाई हॉलमध्ये कोण लावतं, अम्मा?" मी फार भांडले तेव्हा मास्तर कबूल झाले. महिनाअखेरपर्यंत फुकट बदलून देतील, पण अण्णांनी पास केलेला माल, अण्णांनी यायला हवं. ते येत नसतील तर फ्रेम तरी आणा, त्यांना चालतंय असं समजू.

मावशी रात्रीच्या गाडीनं परत.

१४ ऑगस्ट, रवि.
अण्णांना सांगितलं, फोटो चुकलाय, फुकट बदलून मिळतोय. त्यांनी जन्मात फुकटची दुरुस्ती सोडलेली नाही. बराच वेळ फ्रेमकडे बघत बसले.
"कशाला? माल चांगला आहे."

२१ ऑगस्ट, रवि.
सकाळी हॉलमधून अण्णांचा आवाज. "घे, गरम आहे तोवर." दारातून बघितलं. फोटोपुढे कॉफीचा लोटा. नंतर हळूच, "पाय फार दुखतात का गं?"

आईचे पाय किती वर्षं सुजत होते. मलम मी चोळायची, तेव्हा हे रेडिओ मोठा करायचे. आणि आता ह्या परक्या बाईचे पाय दुखतात! फोटोत तर तिला पायही नाहीत. फ्रेम आपटावी असं वाटलं. दादाला फोन केला, बोम्मसंद्र्याला, फॅक्टरीत, त्याची रविवारचीही ड्यूटी. म्हणाला, "असू दे ना. सुखात आहेत." सुखात असायची पाळी आईची कधी होती, ते त्याला विचारायचं राहिलं.

३० ऑगस्ट, मंगळ.
उद्या मुदत संपते. रजा टाकलीय. संध्याकाळी अण्णा फिरायला गेल्यावर फ्रेम उतरवली, पेपरात गुंडाळली, माझ्या पलंगावर ठेवली.

आले. चप्पल काढता काढता भिंतीकडे बघितलं. ओरडतील म्हणून मी तयारीत. ओरडले नाहीत. खुर्ची चाचपत बसले आणि म्हणाले, "ती कुठे गेली?"

आई गेली त्या दिवशी मी हॉस्पिटलातून घरी आले, तेव्हा ह्याच खुर्चीत होते. विचारलं होतं, थर्मास आणलास का.

मी खोलीत येऊन कडी लावली. फ्रेम इथेच आहे. दारावर थाप पडतेय, अगदी हलकी. अण्णांनी कधी कुणाचं दार इतकं हळू वाजवलेलं नाही.