सशाचं पाचवं बोट

३ जून
नोकरी लागली! आमच्या घरातली पहिली पदवीधर मीच आणि पहिली पगारदार मुलगीही मीच. बाबांनी झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन केले. आई म्हणाली, आता फक्त दवंडी पिटायची बाकी आहे.

दुकान लहान आहे. जुन्या कार्टूनपटांच्या पोस्टरांच्या हुबेहूब प्रती आम्ही छापतो. पुढे विक्री, मागे स्कॅनर, छपाईयंत्र आणि माझं टेबल. सगळीकडे एकच ससा: पांढरे हातमोजे, रबरासारखे पाय. कड्यावरून पडून चपटा झाला तरी टुणकन उभा! आज एक आजोबा त्याच्यासमोर एकटेच खुदुखुदु हसत होते. म्हणाले, मी म्हातारा झालो, हा लेकाचा आहे तसाच.

५ जून
घड्या, बुरशी, चहाचे डाग स्क्रीनवर पुसायचे, हे माझं काम. सशाला चारच बोटं का, असं मशीनवाल्या काकांना विचारलं. म्हणाले, मिनिटभराच्या हालचालीला हजार चित्रं लागतात. एक बोट कमी केलं की काढणाऱ्याचा जीव वाचतो.

प्रत्येक पोस्टरवर बुटाजवळ मुंगीएवढी, अक्षर न लागणारी सही आहे. मालक म्हणाले, तो डाग आहे, पुसून टाक आणि तिथे माझ्या वडिलांचं नाव घाल. काका नंतर हळूच म्हणाले, ससा एका बाईंचा. मालकांच्या वडिलांनी तो स्वतःचा म्हणून खपवला. त्या एका सहीसाठी बाई मरेपर्यंत भांडल्या.

६ जून
मालकांना विचारलंच. म्हणाले, बाईसाहेब, कामाला आलात की कोर्ट भरवायला? पटत नसेल तर उद्यापासून घरी बसा. बाबांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. चोवीस सह्या पुसल्या. मूळ कागदांवरच्यासुद्धा, ब्लेडने खरवडून. कधीतरी सगळ्यांना खरं सांगेन, असं स्वतःला बजावत होते.

९ जून
मालकांच्या उजव्या हाताला करंगळी नाही. रक्त नाही, व्रण नाही. डॉक्टरांनी म्हणे विचारलं, जन्मापासून असंच का? मला वाईट वाटायला हवं होतं. खरं लिहिते, बरं वाटलं. करावं तसं भरावं.

१० जून
पहिल्या पोस्टरवर सशाला पाच बोटं आहेत. पाचव्याला नख आहे. मालकांच्या अंगठीचा वळही आहे. गिऱ्हाइकं खूश. म्हणतात, आता कसा अगदी जिवंत वाटतो!

१३ जून
मालकांच्या दोन्ही हातांना एकही बोट उरलेलं नाही. ती सगळी भिंतीवर आहेत. काकांनी काम सोडलं. जाताना म्हणाले, पोरी, तूही नीघ. मी थांबले. मला शेवट बघायचा होता.

१४ जून
दुपारपासून मालक दिसत नाहीत. चपला काउंटरमागेच. शेवटच्या पोस्टरवर सशाच्या बुटाखाली एक माणूस, चपटा— चष्मा त्यांचाच. पाहत राहिले. टुणकन उठले नाहीत. मला हसू आलं.

१५ जून
माझी करंगळी—
पण मी तर बाईंच्या बाजूची होते. मनातून त्यांच्याच—
ब्लेड कुणाच्या हातात होतं?

१६ जून
अजून एक गेलं. त्यांना सही परत हवी आहे. फायली उघडल्या. सगळ्यांवर मालकांच्या वडिलांचं नाव. सही असलेल्या जुन्या प्रती मीच ठेवल्या नाहीत. काकांना फोन केला. नाव त्यांनाही ठाऊक नाही, सगळे नुसतं बाई म्हणायचे—
ती सही नीट पाहणारी मी एकटीच. चोवीस वेळा पाहिली.

आता एकच बोट आणि अंगठा. पेन धरता येतंय अजून—
आठवतेय. आधी उभी रेघ, तिच्या पोटात गोल, मग खाली